बाई, मतभेदासकट आभार

आदरणीय बाई,

वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानासाठी तुम्ही मला घरी बसवून शिकवलंत, तुमच्या जुन्या वह्या उघडून दिल्यात. तेव्हा घाईघाईत तोंडी आभार मानले. ते फार अपुरे वाटले, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

प्राचीन ग्रीकांना ज्ञानाची एवढी ओढ लागली कशी, हा विषय. बहुतेक जण तो अथेन्सपासून, सॉक्रेटिसपासून सुरू करतात. तुम्ही मला आधी इजिप्तला नेलंत. तिथे अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेस राजाचे प्रचंड पुतळे आहेत. इ.स.पू. 593 च्या सुमारास इजिप्तच्या राजाकडे भाडोत्री शिपाई म्हणून आलेल्या ग्रीकांनी त्यातल्या एकाच्या पायावर आपली नावं कोरली. कुणी टेऑसचा, कुणी कोलोफोनचा, कुणी ऱ्होड्स बेटावरचा. “अगं, प्लेटो राहू दे. पोटासाठी लढायला आलेल्यांना लिहिता येतंय, ते बघ आधी,” असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्या व्याख्यानाला तिथेच सुरुवात सापडली.

लिपी त्याआधीही होती. मायसिनीच्या काळात, म्हणजे ग्रीसमधल्या जुन्या राजवाड्यांच्या काळात, तिथले कारकून मेंढ्यांच्या, तेलाच्या नोंदी करत. इ.स.पू. 1200 च्या सुमारास राजवाडे कोसळले आणि त्यांच्याबरोबर ती लिपीही गेली. पुढे काही शतकांनी, इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास, ग्रीकांनी फिनिशियन या समुद्री व्यापाऱ्यांकडून अक्षरं घेतली आणि त्यातल्या काहींना स्वरांच्या कामाला लावलं. दोन डझन चिन्हांत बोललेलं सगळं उतरू लागलं. शिकायला सोपी, आणि कुठल्याही दरबाराच्या ताब्यात नसलेली लिपी.

मिलेटसबद्दल तर तुम्ही बोलतच राहावं असं वाटायचं. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरचं ते ग्रीक बंदर, काळ्या समुद्राकाठी त्याच्या वसाहती, इजिप्तमधल्या नॉक्रॅटिसशी व्यापार. तिथला तत्त्वज्ञ थेलीस म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते. त्याच गावचा ॲनॅक्झिमँडर म्हणाला, ती कशावरच टेकलेली नाही. सगळ्या बाजूंनी अंतर सारखंच, म्हणून ती कुठेच ढळत नाही. मागून आलेल्या ॲनॅक्झिमिनीसने तिला पुन्हा आधार दिला, हवेचा. आपल्याला आज तिसऱ्याचं म्हणणं मागे गेल्यासारखं वाटतं, पण तुम्हाला त्याचंही कौतुक होतं. परंपरेने हे तिघे एकामागून एक गुरुशिष्य मानले, आणि एकाने दुसऱ्याचं खोडलं तरी तिघांचीही नावं शेजारी शेजारी जपली. कोलोफोनच्या झेनोफेनीसने तर लिहूनच ठेवलं की देवांनी माणसांना सुरुवातीलाच सगळं दाखवलेलं नाही. शोधत राहिलं की काळाच्या ओघात अधिक चांगलं सापडतं. ही ओळ तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत.

आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस! भूमिती इजिप्तमधून आली, छायेवरून वेळ मोजणं आणि दिवसाचे बारा भाग ग्रीक बाबिलोनी लोकांकडून शिकले, हे तो सरळ सांगून टाकतो. ग्रीकांची बुद्धीच जात्या वेगळी होती, या भाबड्या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्या वादाचं. तुमच्या मते लिपी हेच मुख्य कारण. मला अजूनही वाटतं की सभेत कारणं मागायची सवय तितकीच महत्त्वाची. क्रीटमधल्या द्रेरोसचा कायदा इ.स.पू. 650 च्या सुमाराचा, दगडावर कोरलेला: एकदा प्रमुख अधिकारी झालेल्याने दहा वर्षं पुन्हा ते पद घ्यायचं नाही, असं शहराने ठरवलं. सत्ताधाऱ्याला जाब विचारणारी माणसं उद्या ग्रहणालाही कारण विचारणारच, असं मी म्हटलं. त्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, “मग थेलीस क्रीटमध्ये का नाही जन्मला?”

बाई, व्याख्यानात मी माझंच मत मांडलं, आणि तुमचा हा प्रश्नही जसाच्या तसा श्रोत्यांपुढे ठेवला. पहिल्या रांगेत बसून तुम्ही दोन्हीला मान डोलावलीत. मतभेद असतानाही तुम्ही मला संदर्भ पुरवत राहिलात, माझी बाजू बळकट करणारेसुद्धा, याचे आभार मला सर्वांत जास्त मानायचे आहेत.

क्रीटचं उत्तर अजून जुळवते आहे. तिथल्याच गोर्टिन शहराचा कायदा वाचून झाला की येते. तुमची मिलेटसची वही तेव्हाच परत आणते.

आपली विद्यार्थिनी