‘नाळे आगूदिल्लरी’ म्हणणाऱ्या अण्णांस जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव या पत्रात घालावे काय असे मी विचारले, तेव्हा आपण ‘हेसरु ब्याडरी’ म्हणून विषय संपवलात. म्हणून नाव घालत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या टोकाला, जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना फायबरची इंटरनेट लाईन जोडणारे कोणते अण्णा हे न सांगताही कळेल.

आमच्या गावाची अडचण आपण पहिल्याच दिवशी ओळखलीत. गाव डोंगराच्या पोटात आहे आणि टॉवर डोंगरापलीकडे. घरे जांभ्या दगडाची, भोवती झाडी दाट, आणि पावसाळ्यात तीच झाडी ओलीचिंब झाली की उरलीसुरली रेंजही जाते. मग ज्याला बोलायचे असेल त्याने देवळामागच्या माळावर, ज्याला आता लहान मुलेसुद्धा रेंजचा माळ म्हणतात, छत्री घेऊन चढायचे आणि उतरल्यावर पायाच्या जळवा काढायच्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज पाहायलाही आमच्या बायका तिथेच जात. मी दूध संस्थेचा चिटणीस असल्याने लिटर आणि फॅटची नोंद पाठवण्यासाठी दिवसातून दोनदा त्या माळाची पायरी चढत होतो.

पंचायतीपर्यंत फायबर नेण्याची जी योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली, ती केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली. पंचायतीपासून आमच्या माजघरापर्यंत मात्र आपल्यासारख्या कोणीतरी खांबावर चढल्याशिवाय काही येत नाही. आपण चढलात, आणि दोन वर्षांपूर्वी गावात पहिली अकरा कनेक्शने आली. त्याबद्दलचे आभार तोंडी मानून झाले आहेत. हे पत्र गेल्या आषाढातल्या पाच दिवसांसाठी आहे.

तरण्या पावसात लाईन तुटली. तक्रार नोंदवली तेव्हा फोनवरच्या बाईंनी तक्रार क्रमांक दिला आणि उद्या होईल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसरा क्रमांक मिळाला आणि पुन्हा उद्याच. तिसऱ्या दिवशी आपण मोटारसायकलवरून भिजत आलात, लाईन पाहिलीत आणि म्हणालात, ‘नाळे आगूदिल्लरी’. उद्या होणार नाही, परवा संध्याकाळपर्यंत होईल. तोवर नोंदी वहीत लिहून ठेवा आणि परवा एकदम पाठवा, असे आपण आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत समजावलेत. इतक्या वर्षांत ‘उद्या होणार नाही’ असे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. माझ्या डोक्यावरचे अर्धे ओझे त्या एका वाक्याने उतरले, कारण कशाची वाट पाहायची आणि कुठवर, हे कळले.

ठरलेल्या त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये यंत्र लावून आपण केबलमधल्या काचेच्या धाग्यात उजेड सोडलात आणि तो किती वेळाने परततो त्यावरून तूट 7,420 मीटरवर असल्याचे काढलेत. आम्ही चौघे कोयते घेऊन रस्त्याच्या मापाने तेवढ्या अंतरावर जाऊन झुडपे तोडत बसलो, पण केबल तिथे धडधाकट होती. आपण हसत हसत सांगितलेत की यंत्र काचेची लांबी मोजते, रस्त्याची नव्हे. खांबाखांबावर पुढच्या दुरुस्तीसाठी पंधरा-पंधरा मीटरची वेटोळी टांगून ठेवलेली असतात, तीही त्यात धरायची. मग आपण उलटे चालत वेटोळी मोजत निघालात. ती तीस भरली, आणि जवळपास साडेचारशे मीटर अलीकडे ऐनाची मोठी फांदी केबलवर पडलेली सापडली. दूध मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही वजाबाकी फार आवडली, हे कबूल करतो.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ताडपत्रीचे चार कोपरे आम्ही चौघांनी धरले होते आणि आपण मोटारसायकलच्या सीटवर काचेचे धागे जोडायचे छोटे मशीन ठेवून बसला होता. केसाएवढ्या जाडीची काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, तिचे टोक सरळ कापायचे, दोन्ही टोके मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची; मग बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. दोन धागे पुसता पुसता मोडले. आपण एक शब्दही न बोलता पुन्हा सोलायला घेतलेत. ताडपत्रीवरून पाणी आपल्या पाठीवर गळत होते, हातांवर मात्र आपण एक थेंब येऊ दिला नाहीत.

गावात नेट आले, पण माझ्याच घरच्या नेटच्या डब्यावर लाल दिवा राहिला. माझा आवाज चढला होता, त्याची आज लाज वाटते. आपण उजेड मोजायचा मीटर लावलात, तो उणे 31 दाखवत होता, आणि उणे 27 च्या खाली गेले की डबा उजेड ओळखत नाही, असे सांगून आपण वायर धरून कपाटामागे गेलात. तिथे मीच लाईन बंद असताना साफसफाईत जादा वायर नीट दिसावी म्हणून घडी घालून सुतळीने करकचून बांधली होती. काच तारेसारखी वळवली तर उजेड वळणावरच बाहेर सांडतो. आपण सुतळी कापलीत, वायरचा ताटाएवढा मोठा गोल केलात आणि मीटर उणे 22 वर आला. मला काही बोलला नाहीत, सुतळी तेवढी खिशात घातलीत.

जाताना डब्याला 12 व्होल्टची लहान बॅटरी जोडायला सांगितलीत आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून दिलेत. आता घरात बसून बोलता येते आणि माझ्या फोनवर ओटीपीही येतात, त्यामुळे माळावर फक्त गुरे जातात. चहाखेरीज आपण काही घेतले नाहीत, याची रुखरुख घरच्या मंडळींना अजून आहे.

आपण दिलेल्या वहीत खांबांचे क्रमांक आणि कुठे वेटोळे आहे ते लिहून ठेवण्याचे काम दहावीतल्या दोन मुलांनी पूर्ण केले आहे. मागील आठवड्यात रस्त्याच्या कामासाठी सतरा क्रमांकाचा खांब ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला हलवला आणि त्यावरचे वेटोळे त्यात खर्ची पडले. तशी नोंद केली आहे. पुढच्या वेळी मोजताना तीस नव्हे, एकोणतीस धरावीत.

आपला नम्र,
चिटणीस, गावची दूध संस्था