खटका नेमका कधी पडतो, हे आधी विचारणाऱ्या वायरमन काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

कामाचे पैसे घेतलेत, म्हणजे तुमच्या मते हिशोब मिटला. माझ्या मते नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण वॉशिंग मशीन लावलं की अख्ख्या घराची लाइट जाते, ही रड एकट्या आमच्या घरची नसणार.

तुमच्या आधी आलेल्या मेकॅनिकने मशीनचा एक स्क्रूही न काढता ‘पीसीबी (मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड) गेलाय, बदलावा लागेल’ असं सांगून टाकलं होतं. दुसऱ्याने त्याहून स्वस्त उपाय सुचवला: प्लगमधली अर्थची वायर काढा, लाइट जायची थांबेल. हे मी तुमच्या कानावर घातलं तेव्हा तुम्ही पिशवी खाली ठेवून म्हणालात, “थांबेलही. पण मग लीक होणारा करंट मशीनच्या पत्र्यावर बसून राहील आणि ओल्या हाताने कपडे काढायला जाईल त्याच्यातून जमिनीत उतरेल.” आमचे हे तोवर पक्कड शोधत होते. ती पुन्हा कपाटात गेली.

तुमचा पहिला प्रश्न होता, लाइट जाते तेव्हा बोर्डातला पडतो तो खटका कोणता? बोर्डाकडे इतकं निरखून आम्ही कधी बघितलंच नव्हतं. एमसीबी, म्हणजे जास्त करंटला तुटणारा साधा खटका, पडला तर जास्त लोड किंवा शॉर्ट. आमचा पडत होता तो आरसीसीबी, करंटची गळती पकडणारा, टेस्टचं बटण असलेला. फेजच्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रलच्या वायरीने पुरता परत येतो का, एवढंच तो पाहतो. जमाखर्चात 30 मिलिअँपिअरची तूट आली की अख्खी लाइन तोडतो, आणि पुष्कळदा त्याच्या थोडं आधीच. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता आणि आम्ही त्यालाच बदलायला निघालो होतो.

दुसरा प्रश्न, कधी पडतो? ह्याचं उत्तर तुम्ही आमच्याकडून अक्षरशः खणून काढलंत. प्लग लावताच? नाही. पाणी भरताना? नाही. पिळताना? खटका पडायचा तेव्हा तिथवर मशीन पोचायचंच नाही. पाणी भरून ड्रम थोडा वेळ फिरला की मग. आणि थंड पाण्यावर लावलं तर? तेव्हा मला आठवलं, थंड पाण्याच्या प्रोग्रॅमला कधीच पडलेला नाही. तुम्ही नुसते हसलात. प्लग लावताच पडला असता तर तुम्ही केबल आणि आतला विजेचा नॉइज फिल्टर पाहिला असता. पाणी भरताना पडला असता तर साबणाच्या कप्प्यातून किंवा पाइपातून वायरिंगवर होणारी गळती. पिळताना पडला असता तर घासलेली वायर किंवा मोटरच्या कार्बनचा साचलेला भुगा. इथे संशयित एकच उरला, हीटर.

मग मशीन भिंतीपासून ओढलंत. स्विच बंद आहे म्हणून मी सांगितलं, तरी प्लग उपटलात, कारण तो स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मागचं पॅनल काढून हीटरच्या वायरी सोडवल्यात आणि मल्टिमीटर लावलात. 26 ओहमच्या आसपास. दोन किलोवॉटच्या हीटरला 230 व्होल्टवर एवढेच यायला हवेत, म्हणजे कॉइल धडधाकट. टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये लावलात, तिथेही मीटरला काही सापडेना. मला वाटलं, झालं, आता हाही पीसीबी म्हणणार. तर तुम्ही पिशवीतून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढलात. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर तपासतो, त्याला बारीक लीकेज दिसेलच असं नाही. मेगर 500 व्होल्ट देतो. जिथे कित्येक मेगाओहम दिसायला हवेत तिथे काटा शून्याला चिकटला. वायरी आधी सोडवल्या होत्या त्या याचसाठी, मेगरचा दाब पीसीबीवर जाऊ नये म्हणून.

तरीही हीटर लगेच काढला नाहीत. सुट्या वायरींच्या टोकांना टेप लावून, पॅनल बसवून मशीन चालवलंत. पाणी थंडच राहिलं, पण लाइट गेली नाही. मग काढलात. क्षारांचा पांढरा खरपुडा चढलेला आणि रबरी सीलच्या जवळ केसाएवढी तपकिरी भेग. नळीच्या आत कॉइलभोवती जी पांढरी भुकटी ठासलेली असते ती या भेगेतून ओल शोषते, आणि हीटर तापला की थोडी सुकते. म्हणून खटका कधी पडायचा, कधी नाही. ते “कधी नाही” आम्हाला किती दिवस झुलवत होतं, काय सांगू!

नवा हीटर बसल्यावर पुन्हा मेगर लावलात, सीलभोवती बोट फिरवून ओल लागत नाही ना पाहिलंत आणि मगच गरम पाण्याचा प्रोग्रॅम पूर्ण चालवलात. तेवढा वेळ थांबून राहिलात, ह्याचे पैसे तुम्ही धरलेच नव्हते. त्याबद्दल वेगळे आभार.

आणि हो, जाताना स्वयंपाकघरातल्या सॉकेटकडे बोट दाखवून “ह्याचं अर्थिंग मला बरोबर वाटत नाही” म्हणालात. तोवर मिक्सर तिथे लावत नाही. सवडीने येऊन तेवढं बघून द्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची, वॉशिंग मशीनवाली