‘कमी किलोमीटर’ हा निकष वेगवान वॅगनला लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत गेल्या आठवड्यात सेकंडहँड गाडी कशी निवडावी यावर लेख आला होता. लेख सोप्या भाषेत होता आणि कागदपत्रांबद्दलचा भाग उपयोगी होता. पण ‘रीडिंग (गाडी आजवर चाललेले किलोमीटर) जितकं कमी तितकी गाडी चांगली’ हा त्यातला सल्ला, आणि तोही ताकदवान इंजिनाच्या गाड्यांसाठी, वाचून स्वस्थ बसवलं नाही. मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या मापन विभागात काम करते. लोखंड किती झिजलं, हे मोजणं हाच माझा रोजचा उद्योग. शिवाय गेलं दीड वर्ष मी स्वतः अशीच एक गाडी शोधत होते. म्हणून हे पत्र.

वॅगन म्हणजे सेडानसारखीच बुटकी, पण छप्पर थेट मागच्या दारापर्यंत नेलेली सामानाची गाडी. तीच का, ते आधी सांगते. आई दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद, खुर्ची आडवी-तिडवी करून कोंबावी लागते. उंच एसयूव्हीत ती छातीपर्यंत उचलावी लागते आणि माझी कंबर आता ते ऐकत नाही. वॅगनचं मागचं दार वर गेलं की समोर सपाट, खालच्या पातळीची जागा असते. खुर्ची टेकवायची आणि आत ढकलायची. आणि वेगवान वॅगन का, तर मला गाडी चालवायला मनापासून आवडते. १९९४ साली व्हॉल्व्होनं ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत ८५० वॅगन उतरवली होती. त्याच वर्षी ऑडीनं पोर्शच्या मदतीनं आरएस२ ही वॅगन काढली, २.२ लिटरचं पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि ३१५ हॉर्सपॉवर. त्या दोन्ही गाड्यांचे फोटो मी वहीत चिकटवले होते, ती वही अजून आहे. सामानाची गाडी धावूही शकते, ही गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली.

आता मूळ मुद्दा. मी बघितलेल्या पहिल्या गाडीचं रीडिंग होतं ४१,०००. वय तेरा वर्षं. गाडीचं नाव लिहीत नाही, दोष कंपनीचा नव्हता. रंग नव्यासारखा, सीटवर सुरकुती नाही. विकणारे गृहस्थ अभिमानानं सांगत होते, ‘कधी फारशी बाहेरच काढली नाही हो.’ मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. ‘तुमच्यासाठी सुरू करून ठेवली होती,’ म्हणाले. इंजिन गोड चालत होतं. माझं मन जवळजवळ झालंच होतं. तेवढ्यात खुर्ची आत बसते का बघायला मागचं दार उघडलं आणि बाजूला बसलेली आई म्हणाली, ‘कुबट वास येतोय गं.’ मला फक्त अत्तराचा वास येत होता, कुणीतरी ताजाच फवारलेला. डिकीतलं कार्पेट उचललं. खालचा फोम पिळता येईल इतका ओला होता. स्टेपनीच्या खळग्यात बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी साठलेलं, आणि बाजूच्या कप्प्यातल्या वायरींच्या जोडावर हिरवट बुरा धरलेला. काचेच्या छतातलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पानांच्या चुऱ्यानं तुंबल्या की पाणी खांबातून उतरून नेमकं इथे येतं, आणि बऱ्याच वॅगनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे डबेही इथेच बसवलेले असतात. मग टायरकडे नीट बघितलं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचे दोन्ही टायर अकरा वर्षांचे होते. खाचा भरपूर शिल्लक, पण रबर नखानं दाबलं तर दबत नव्हतं. एवढ्या ताकदीची गाडी त्या रबरावर उभी होती.

कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हे साध्या हिशेबानं पटतं, पण इंजिनाचा हिशेब तसा नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं ऑइलमध्ये उतरतं. आतली वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते. लांब पल्ल्याची गाडी तापून हे दोन्ही उडवून लावते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणारी गाडी ते साठवत राहते. शिवाय उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, ब्रेकचं द्रव हवेतली ओल पितं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण ‘गाडी चाललीच कुठे’ म्हणून ते राहून जातं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा मधोमध आला तरी ऑइल अजून तापलेलं नसतं. ते पाण्याच्या कितीतरी मागून तापतं. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आणि तो रॉड ज्याला फिरवतो तो क्रँक यांच्यामध्ये फक्त ऑइलचा पडदा असतो, काही मायक्रॉनचा. बीएमडब्ल्यूच्या एम५ टूरिंग या वॅगनमधलं २००७ ते २०१० या काळातलं दहा सिलिंडरचं इंजिन ५०७ हॉर्सपॉवर देतं, तेही ७,७५० आरपीएमला, आणि त्याला १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल लागतं. या इंजिनाची बेअरिंगं लवकर झिजतात, हे त्याच्या जाणकारांत सर्वश्रुत आहे. असं इंजिन रोज थंड असतानाच पिळणाऱ्या माणसाचे ४०,००० आणि नीट तापवून हमरस्त्यावर चालवणाऱ्याचे १,५०,००० यांत मी दुसरी गाडी घेईन. किलोमीटरच्या आकड्यात हा फरक कुठेच उमटत नाही.

प्रत्येक इंजिनाची खोड वेगळी असते आणि ती आधी माहीत असावी लागते. ऑडीच्या २००६ ते २००८ च्या आरएस४ मध्ये ४.२ लिटरचं व्ही८ आहे, ४२० हॉर्सपॉवरचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपांच्या, पाठी धुतल्या जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचे थर बसतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात, तो धातूला न ओरबाडता कार्बन काढतो. हे काम कधी झालं, याची पावती मागा. त्याच गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर तिरक्या जोडीनं ऑइलच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. ते गळायला लागले की खर्च मोठा असतो.

मी शेवटी घेतलेल्या गाडीचं रीडिंग होतं १,६८,०००. पुरवणीतल्या सल्ल्यानं ती मी बघायलाही गेले नसते. फोनवरच मालकांना विनंती केली होती, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, कारण इंजिनाच्या खोडी ते थंड असताना सुरू होतानाच कळतात. सकाळी गेले तेव्हा बॉनेट गार, काचेवर दव. त्यांनी चावी माझ्याच हातात दिली. सुरू होताना क्षणभर इंजिनातल्या साखळीचा आवाज आला आणि विरला. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. त्यांनी पहिली पाच-सात मिनिटं गाडी कशी हळू चालवायची, ते सांगितलं, तेव्हाच मी निम्मी निश्चिंत झाले. मग त्यांनी फाइल काढली. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच ऑइल बदललेलं, प्रत्येक पावतीवर रीडिंग आणि तारीख. फाइलसोबत एक पत्र्याचा डबा होता. त्यात इंजिनातून काढलेली जुनी बेअरिंगं, फडक्यात गुंडाळून, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहिलेला. बेअरिंगं वेळेआधी बदलून घेतली तेव्हा त्यांनी ती मेकॅनिककडून मागून घेतली होती. मी एक-एक उजेडात धरून बघितलं. वरचा करडा थर मधोमध विरळ झालेला, दोनांत तांब्याचा रंग डोकावत होता, पण खोल ओरखडा एकही नव्हता. इतकी वर्षं हे काम करतेय, एवढ्या प्रामाणिकपणे कुणी स्वतःच्या वस्तूची झीज जपून ठेवलेली मी पाहिली नव्हती. तरी व्यवहाराआधी ऑइलचा नमुना तपासायला पाठवला. त्यात बेअरिंगांच्या झिजेतून येणारं शिसं आणि तांबं बेताचंच निघालं, मगच होकार कळवला.

वॅगनचा मागचा भाग आपल्या लेखात आलाच नाही. दार वरखाली होताना बिजागरीपाशी वायरींचा जुडगा प्रत्येक वेळी वाकतो आणि काही वर्षांनंतर आतून तुटतो. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, दाराचं कुलूप हे सगळं एकेकदा चालवून बघा. मागे हवेवरचं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मागून बसते का, ते सकाळी बघा. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. नाहीतर चाकांचे घेर वेगवेगळे होऊन मधल्या यंत्रणेवर ताण येतो.

खर्चाबद्दल एकच लिहिते. अशी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, ब्रेकच्या डिस्कची उतरत नाही. जवळचे सगळे पैसे गाडी घेण्यातच संपणार असतील तर खालच्या ताकदीची वॅगन घ्यावी. मी दोन मॉडेलं याच कारणानं सोडली, आणि त्यातलं एक सोडताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

तो लेख वाचून कुणी या आठवड्यात ४०,००० रीडिंगच्या चकचकीत गाडीसाठी बयाणा देईल, ही मला खरी काळजी वाटते. पुढच्या पुरवणीत कृपया दुरुस्ती छापा. जागा कमी असेल तर दोनच गोष्टी घ्या: गाडी बघायला जाण्याआधी मालकाला इंजिन सुरू न करण्याची विनंती करावी, आणि गेल्यावर डिकीतलं कार्पेट उचलावं.

आपली,
एक नियमित वाचक