तपासलेला पेपर मुलांना दाखवा, न मागता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात गेली ११ वर्षं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतोय आणि दर सेमिस्टरच्या शेवटी कॅप सेंटरला, म्हणजे सगळ्यांचे पेपर एकत्र तपासतात त्या केंद्रावर, पेपर तपासायला जातो. परीक्षेबद्दल वर्तमानपत्रात पत्रं येतात ती मुलांची नाहीतर पालकांची, तपासणाऱ्याचं पत्र मी तरी कधी वाचलेलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मागणी एकच आहे. निकाल लागेल त्याच दिवशी प्रत्येक मुलाला स्वतःचा तपासलेला पेपर बघायला मिळाला पाहिजे, अर्ज न करता आणि पैसे न भरता.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कॅपला बसलो होतो, ८० मार्कांचा पेपर, पासिंग ३२ ला. एका मुलाने पाचवा प्रश्न अर्धा लिहून सोडला होता, मग सहावा लिहिला, मग दोन पानं कोरी सोडून पुरवणीच्या मागच्या बाजूला पाचव्याचा राहिलेला भाग पूर्ण केला होता. कोरी पानं दिसली तशी मी पेपर संपला समजून बेरीज करून टाकली, २६. तो पेपर नेमका मॉडरेशनच्या, म्हणजे दुसऱ्या प्राध्यापकाने पुन्हा बघायच्या, थोड्या पेपरांत निघाला आणि मॉडरेटर सरांनी पुरवणी उलटून माझ्यासमोर ठेवली. ११ मार्कांचं उत्तर मी बघितलंच नव्हतं, २६ चे ३७ झाले. मॉडरेशनला सगळे पेपर जात नाहीत, गठ्ठ्यातले थोडेच जातात, तो पेपर त्यात नसता तर ते मूल माझ्यामुळे नापास झालं असतं आणि ना मला कळलं असतं ना त्याला. पेपरवर नाव नसतं, बारकोड असतो, त्यामुळे ते पोरगं कोण होतं ते मला आजही माहीत नाही. त्या रात्री झोप लागली नाही. आजही पेपर हातावेगळा करण्याआधी मी शेवटचं पान दोनदा उलटतो, पण आपण माणसं आहोत, उन्हाळ्यात दुपारी चार वाजता एकाच प्रश्नाचं चाळिसावं उत्तर वाचताना डोळा चुकणारच. चूक होणार हे धरूनच पद्धत बसवायला हवी, आणि चूक शोधायला त्या पेपरच्या मालकाइतका जागा माणूस दुसरा कोणी नाही, कारण आपण काय लिहिलं आणि कुठल्या पानावर लिहिलं हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, पहाटेच्या पहिल्या एसटीने यायची, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची. सेमिस्टरचा निकाल लागला आणि एका पेपरात ९ मार्क, ८० पैकी. मला ते पटेचना. तिला म्हटलं फोटोकॉपी माग. ती मागायची तर आधी ऑनलाइन अर्ज, त्याची फी, मग कॉपी यायची वाट बघा, मग रिव्हॅल्युएशनचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायचा, वेगळा अर्ज आणि त्याची वेगळी फी. कॉपी आली तेव्हा आम्ही दोघं स्टाफरूममध्ये बसून एकेक पान बघितलं, पुरवणीच्या एकाही पानावर लाल पेनाची खूण नव्हती, म्हणजे पुरवणी तपासलीच नव्हती. इथपर्यंत चूक, समजू शकतो. पण रिव्हॅल्युएशनचा निकाल यायच्या आधीच पुढच्या परीक्षेचे फॉर्म सुटले, बॅकलॉगचा, म्हणजे नापास विषय पुन्हा देण्याचा, फॉर्म भरला नाही तर बसता येणार नाही, नंतर भरला तर लेट फी, म्हणून तिने तोही भरला. वडील शेतमजुरीला जातात, या सगळ्या फिया मिळून त्यांच्या तीन-चार दिवसांच्या रोजंदारीवर गेल्या. तो पेपर तिने पुन्हा अभ्यास करून पुन्हा दिला, आणि त्यानंतर काही दिवसांनी रिव्हॅल्युएशनचा निकाल आला, ४१. म्हणजे पहिल्यापासून पास होती. बॅकलॉगची फी परत मिळाली नाही. तिच्या मैत्रिणींनी तिला आठ महिने नापास म्हणून बघितलं ते वेगळंच.

अशी मुलगी निदान फोटोकॉपी मागू तरी शकली. जी मुलं मागतच नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे बहुतेक मुलांना वाटतं की आपणच कमी लिहिलं असेल, सरांनी दिलेत म्हणजे बरोबरच असतील. एटीकेटी घेऊन गप्प बसतात, काही जण कॉलेजच सोडतात.

वाईट याचं वाटतं की नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ८९. शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचाच, नाही जमलं तर उशिराची कारणं देऊन सविस्तर अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला द्यायचा, इतकं स्पष्ट लिहिलंय. पण मुलांनी मागितलेल्या फोटोकॉपीला आणि रिव्हॅल्युएशनला याच कलमासारखी कडक मुदत का नसावी? निकाल ४५ दिवसांत लागला आणि दुरुस्ती पुढची परीक्षा उलटून गेल्यावर आली तर त्या मुलासाठी निकाल लागलाच नाही असं मी धरतो.

पेपर दाखवण्याचं तर सुप्रीम कोर्टाने कधीच सांगून ठेवलंय. ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कायद्याखाली माहितीच आहे आणि विद्यार्थ्याला ती बघण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. तपासणाऱ्याचं नाव झाकून द्या असंही त्याच निकालात आहे, म्हणजे आम्हा तपासणाऱ्यांना घाबरायचं कारण नाही. पुढे २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या केसमध्ये कोर्टाने हेही सांगितलं की माहिती अधिकारात मागितली तर त्या कायद्याच्या नियमातलीच फी घ्यायची, संस्थेची स्वतःची जास्तीची फी नाही. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा आणि एका पानाचे २ रुपये. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलं वहीत लिहून घेतात, पण १९-२० वर्षांच्या मुलाने आपलाच पेपर बघायला कायद्याचा अर्ज का करावा हे मला कळत नाही.

आता कोणी म्हणेल लाखो पेपर झेरॉक्स कोण करणार. बऱ्याच ठिकाणी आता ऑनस्क्रीन तपासणी आहे, पेपर आधी स्कॅन होतो, आम्ही कॉम्प्युटरवर बघून मार्क टाकतो. म्हणजे स्कॅन केलेली फाईल सर्व्हरवर आहेच, बारकोड कुठल्या सीट नंबरचा तेही सिस्टिमला माहीत आहे. मुलाच्या लॉगिनला मार्कलिस्ट दिसते तिथेच ही फाईल जोडायची. क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाच्या वजनाचे आकडे, अकॅडमिक बँकेत म्हणजे मुलाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, मार्कलिस्ट डिजिलॉकरला जाते, मग पेपरच तेवढा का अडतो? जिथे अजून कागदावर तपासणी आहे तिथे निदान नापास झालेल्या आणि पासिंगच्या जवळ अडकलेल्या मुलांपासून सुरुवात करा.

ऑनस्क्रीनचं नाव काढलं की मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठवतं, आठवायलाच पाहिजे. ऐन परीक्षेच्या तोंडावर सगळी तपासणी कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं, पेपर लाखोंनी होते, प्राध्यापकांना सवय नव्हती, स्कॅनिंग अडलं, कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली तीही उलटली आणि निकाल रखडत रखडत सप्टेंबरपर्यंत गेले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवावं लागलं. तेव्हा परदेशात नाहीतर दुसऱ्या राज्यात ॲडमिशन झालेली मुलं हातात निकाल नाही म्हणून अडकली. पण माझ्या मते दोष घाईचा होता, स्कॅनिंगचा नव्हता. आज ती यंत्रणा बसलीय तर तिचा फायदा फक्त विद्यापीठाला कशाला, मुलांनाही मिळू दे.

आणि ग्रेडिंग आल्यापासून एकेका मार्काचं वजन वाढलंय, हे पालकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. यूजीसीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी ला ४ आणि एफ ला शून्य. समजा ४ क्रेडिटच्या पेपरात पुरवणी तपासायची राहिली आणि ७ च्या जागी ५ पॉइंट पडले, तर २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, ०.३६ ने खाली येते. पूर्वी टक्केवारीत चूक झाली तर एवढे मार्क कमी आहेत हे दिसायचं तरी, आता एका अक्षरामागे सगळं झाकलं जातं. त्यात नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजात पदवीला आलं, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय आणि त्यापुढे कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे अशी विषयांची यादी लांबली, २-२ क्रेडिटचे पेपर वाढले, तपासणारे मात्र तेवढेच, कारण जागा भरलेल्या नाहीत आणि आमच्यासारख्या सीएचबीवाल्यांवर गाडा चाललाय. गठ्ठे वाढले की चुका वाढणार, यात कोणाची बदनामी नाही, साधा हिशोब आहे.

इंटर्नलबद्दल, म्हणजे कॉलेजातच दिल्या जाणाऱ्या मार्कांबद्दलही बोललंच पाहिजे, कारण तिथे फोटोकॉपीसुद्धा नसते. चाचणी, असाइनमेंट, सेमिनार असं कागदावर असतं पण पोर्टल बंद व्हायच्या आदल्या रात्री मार्क भरले जातात आणि मुलांना ते थेट मार्कलिस्टवर दिसतात. कशाचे किती पडले ते विचारायची सोय नाही, आणि विचारलं तर सर राग धरतील ही भीती. मी गेली चार वर्षं चाचणीचे पेपर वर्गात वाटतो, प्रत्येकाने आपली बेरीज तपासून सही करायची, मग मी पोर्टलवर भरतो. पहिल्या वर्षी सहा जणांच्या बेरजा चुकलेल्या निघाल्या, सगळ्या माझ्या. वर्गात भांडण झालं नाही, गोंधळ झाला नाही. मुलं येऊन म्हणाली सर इथे दोन मार्क राहिलेत, मी दिले. एकाने तर म्हटलं सर मला एक जास्त पडलाय.

म्हणून मुलं पेपर बघून वाद घालत बसतील या भीतीत मला दम वाटत नाही. जे काम आज फोटोकॉपी विभाग महिनोन्‌महिने करतो ते पहिल्या आठवड्यात मुलंच करतील. पेपरसोबत मार्किंग स्कीमही लॉगिनला टाकावी, बेरजेची आणि न तपासलेल्या पानाची तक्रार फुकट घ्यावी, आणि त्या तक्रारीचा निकाल लागल्याशिवाय त्या विषयाच्या बॅकलॉग फॉर्मची तारीख संपू नये. तिन्ही गोष्टी परीक्षा मंडळाच्या एका ठरावात बसतात.

त्या मुलीने एमएला प्रवेश घेतलाय, एक वर्ष उशिरा. मागच्या आठवड्यात स्टँडवर भेटली तेव्हा सांगत होती की आता ती प्रत्येक पुरवणीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिते, मागे उत्तर आहे, कृपया पान उलटावे.

माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक