औषध बदलण्यापूर्वी लेकीस पत्र

मिरज

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम थांबवून सर्ट्रालिन हे नैराश्य व चिंतेवरचेच दुसरे औषध सुरू करायचे ठरवले आहे, हे तू फोनवर सांगितलेस. त्यानंतर ‘म्हणजे माझा आजार बरा होणारच नाही का?’ असे तू विचारलेस, त्याचे उत्तर घाईत देऊ नये असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून नोकरी केल्यामुळे या गोळ्यांविषयी मला थोडेफार सांगता येते. मात्र तुझी मात्रा आणि तिचे वेळापत्रक तुझे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील, हे धरूनच पुढचे वाच.

पहिले औषध पुरेसे लागू पडले नाही म्हणजे आपला आजारच बरा होणारा नाही, अशी शंका तुझ्या मनात बसली आहे. ती काढून टाक. दोन्ही औषधे मेंदूतील सिरोटोनिन या मनःस्थितीशी संबंधित रसायनाचे पुनर्शोषण रोखणाऱ्या, म्हणजे ते पेशींत परत शोषले जाऊ न देणाऱ्या, एकाच गटातली आहेत, तरीही एकाला जे मानवते ते दुसऱ्याला मानवतेच असे नाही, आणि कोणाला कोणते मानवेल हे आधीच खात्रीने सांगणारी तपासणी आजही नाही. त्यामुळे एक औषध योग्य मात्रेत पुरेसे आठवडे देऊन पाहणे आणि गुण अपुरा पडला तर दुसरे निवडणे, हीच या उपचाराची रीत आहे. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ लागली म्हणून तुझ्या बाबांची रक्तदाबाची गोळी बदलली, तेव्हा घरात कोणी त्यांच्या मनोबलाविषयी बोलले नव्हते. तुझ्याविषयीही कोणी बोलू नये, आणि तूही स्वतःला तसे बोलू नयेस.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. तू पाठवलेल्या पट्टीच्या छायाचित्रात गोळीच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन घटक छापलेले आहेत: एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलीग्रॅम आणि क्लोनाझेपाम हे घालमेल शमवणारे, गुंगी आणणारे औषध 0.5 मिलीग्रॅम. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात आणि घेणाऱ्याला ते एकच औषध वाटते. ही गोळी थांबली की दोन्ही औषधे एकदम थांबतील. कित्येक महिने रोज घेतलेले क्लोनाझेपाम अचानक बंद केल्यास झोप उडते, हात थरथरतात, अस्वस्थता आधीपेक्षाही वाढते आणि क्वचित आकडीही येऊ शकते. हे सारे नव्या गोळीच्या पहिल्याच आठवड्यात घडले, तर दोष सर्ट्रालिनवर जाईल आणि कदाचित उपयोगी ठरले असते असे औषध तू सोडून देशील. म्हणून पुढच्या भेटीत स्पष्ट विचार की, या गोळीतील क्लोनाझेपामचे काय करायचे, ते वेगळे चालू ठेवून हळूहळू कमी करायचे का, आणि कोणत्या क्रमाने. उत्तर कागदावर लिहून घे. डॉक्टरांनी याचा विचार केलेलाच असेल, पण विचारण्यात संकोच मानू नकोस.

एस्सिटॅलोप्रॅमचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण 30 तास लागतात, म्हणजे ते शरीरातून जवळजवळ निघून जायला आठवडाभर लागतो. त्या दिवसांत चक्कर येणे, डोक्यात विजेचा सौम्य झटका बसल्यासारखे वाटणे, फार स्पष्ट स्वप्ने पडणे असे होऊ शकते. त्याच वेळी सर्ट्रालिनमुळे मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी किंवा थोडी वाढलेली घालमेल जाणवू शकते. गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांत, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो. त्रास आधी आणि उपयोग नंतर, असा हा उलटा क्रम असल्यामुळे पहिल्या पंधरवड्यातील अवस्थेवरून नव्या औषधाचा निकाल लावू नकोस. काही दिवस जड जातील, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. रोज रात्री वहीत गोळीची वेळ, झोप आणि त्या दिवशीची चिंता एवढेच लिही. दिवसभर शरीर चाचपत बसू नकोस.

काही लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहत थांबायचे नाही. ताप, भरपूर घाम, हातापायांना झटके, बोलण्यात गोंधळ असे एकत्र दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. दुसरी गोष्ट मी आडपडदा न ठेवता लिहिते. या गटातील औषधांमुळे लहान व किशोरवयीन मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. तू त्या वयात आहेस. औषध घेऊ नये असे तो इशारा सांगत नाही. सुरुवातीला आणि मात्रा बदलताना जवळच्या माणसांनी लक्ष ठेवावे, असे सांगतो. तसा विचार एकदाही आला तर कोणत्याही वेळी मला फोन कर आणि डॉक्टरांना कळव. माझ्याशी बोलणे अवघड वाटले, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते.

पाळीच्या दुखण्यासाठी तू मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेतेस. या औषधांसोबत त्याने रक्तस्रावाची शक्यता वाढते, तेव्हा पॅरासिटॅमॉल चालेल का ते विचारून घे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध न विचारता घेऊ नकोस. दुकानदाराने वेगळ्या नावाची पट्टी दिली तर आधी घटक वाच, आणि बदल पूर्ण झाला की उरलेल्या जुन्या गोळ्या खोलीत ठेवू नकोस.

डॉक्टरांच्या भेटीचा दिवस कळव. पहिले दोन आठवडे मी पुण्याला येऊन राहावे असे मला वाटते, पण खोली तुझी आहे आणि मैत्रीणही सोबत आहे, म्हणून निर्णय तू घे. नको असेल तर तसे सांग. मग रोज रात्री जेवणानंतर फोन करेन आणि गोळी घेतलीस का, एवढेच विचारेन.

तुझी,
आई