मावशीला एकाच जागी ठेवू या

प्रिय आई,
प्रेमपूर्वक नमस्कार.

परवा फोनवर तू एवढंच बोललीस, "माझ्या ताईला जाळलंत?" आणि मग गप्प झालीस. मलाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. बोलायला गेलं की रडू फुटतं, म्हणून लिहून पाठवते. डोळ्यांना त्रास होत असेल तर दादाकडून वाचून घे.

हे मावशीनेच ठरवलं होतं, आई. आजारपणात दोनदा मला जवळ बसवून म्हणाली, "इथे मला एकटीला ठेवून जाऊ नका. मला यांच्याशेजारी जायचंय." देह एवढ्या लांब नेणं आपल्याला झेपणार नाही, हे तिला ठाऊक होतं. राख तरी तिच्या यजमानांच्या, आपल्या काकांच्या कबरीत जावी, ही तिची इच्छा. फादरांना तिनेच बोलावून घेतलं. त्यांनी विचारलं, "देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे ना?" तर ही म्हणते, "त्याशिवाय यांना भेटणार कशी मी?"

तू लहानपणी जे शिकलीस ते तेव्हा तसंच होतं. १८८६ मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, दहनाला मनाई केली, १९१७ च्या धर्मसंहितेत ती आली, आणि 'माझं दहन करा' असं सांगून जाणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी मिळत नसे. पण राग आगीवर नव्हता. त्या काळात युरोपात काही लोक चर्चला आव्हान म्हणून मुद्दाम दहन निवडत. मेलं की सगळं संपलं, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. पुढे तो अर्थ मागे पडला. जागा नाही, पैसा नाही, आरोग्याचे प्रश्न आहेत, अशा साध्या कारणांनी लोक दहन करू लागले. म्हणून १९६३ मध्ये बंदी सैल झाली. १९८३ च्या धर्मसंहितेतलं ११७६ वं कलम फादरांनी मला दाखवलं. दफनाची प्रथा जपावी असं चर्च आजही कळकळीने सांगतं, मात्र दहनाला मनाई करत नाही. ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून ते निवडलेलं नसावं, एवढीच अट. तेव्हा ताईने पाप केलं हे मनातून काढून टाक.

आणि तिला नुसतं नेऊन जाळलं नाही गं. आधी मिस्साची प्रार्थना झाली, आणि देह समोर असताना झाली. चर्चलाही तसंच व्हायला हवं असतं, दहन त्यानंतर. पेटीवर पांढरं वस्त्र घातलं, बाप्तिस्म्याच्या वेळी घालतात त्याची आठवण म्हणून. उशाशी पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती होती. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, धूप दिला. शेवटच्या प्रार्थनेला मी पेटीवर हात ठेवून उभी होते. तुझ्या वतीनेही ठेवला.

देह जळाल्यावर तो उठणार कसा, हे तू बोलली नाहीस, पण मनात आहेच ना? माझ्याही होतं. फादरांनी मला स्मर्नाच्या संत पॉलिकार्प यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या शतकातले हे वृद्ध बिशप. त्यांना मारून देह जाळला. मग त्यांच्या माणसांनी राखेतून अस्थी वेचल्या. रत्नांपेक्षा मोलाच्या मानून त्या योग्य जागी ठेवल्या, आणि दरवर्षी त्यांच्या हौतात्म्याच्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. ही हकिगत त्यांच्याच ख्रिस्तसभेने तेव्हा लिहून ठेवली आहे. दुसरी जोन ऑफ आर्क. १४३१ मध्ये तिला जिवंत जाळलं आणि राख सीन नदीत फेकली, कारण तिचं काहीही मागे उरू नये असं तिच्या शत्रूंना वाटत होतं. १९२० मध्ये चर्चने तिला संत म्हणून जाहीर केलं. तिची कबर नाही, म्हणून देवाचं काही अडणार आहे का?

या दोन गोष्टी मी रात्रभर घोळवत होते. राख पाण्यात सोडून देणं हे जोनच्या शत्रूंनी केलं. पॉलिकार्पच्या माणसांनी वेचून एका जागी ठेवलं. देवाला दोन्ही सारखंच. तो कुठूनही उठवेल. फरक आपल्याला पडतो, मागे राहिलेल्यांना.

आता जे लिहिताना हात अडतो ते लिहिते. तू दादाकडून निरोप दिलास की ताईची चिमूटभर राख पाठव, घरातल्या अल्तारावर ठेवीन. इकडे मावशीच्या धाकटीलाही लॉकेटमध्ये घालायला हवी होती. मी दोघींनाही नाही म्हणतेय. २०१६ मध्ये रोमहून याबद्दल स्पष्ट सूचना आल्या: राख पवित्र जागी, म्हणजे दफनभूमीत किंवा चर्चने त्यासाठी राखलेल्या जागेत ठेवायची, घरी ठेवायची नाही, वाटायची नाही, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडायची नाही, दागिन्यात घालायची नाही. २०२३ मध्ये थोडी वाट मोकळी झाली. मृत व्यक्तीच्या आयुष्याशी जोडलेल्या जागी अगदी थोडा अंश ठेवायची विनंती कुटुंबाला करता येते. बाकीची राख पवित्र जागी हवी, आणि निर्णय चर्चच्या अधिकाऱ्यांचा. म्हणजे विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

का, ते सांगते. दहनगृहातून राख मिळाली ती माझ्या हातात दिली. तीन किलोच्या आत-बाहेर भरते म्हणे, आणि ती खरं तर राख नसतेच. उरलेल्या अस्थी दळून दिलेल्या असतात. माझी नोकरी प्रसूतिकक्षात, नुकतं जन्मलेलं मूल मी रोज उचलते. तेवढाच भार होता. मला ती मावशीच वाटली. तिच्यातलं चिमूटभर काढायला माझा हात कसा उठेल? आणि आई, अल्तारावरची डबी तू आहेस तोवर जपली जाईल. त्यानंतर? दादाची नातवंडं ती कुठल्या कपाटात ठेवतील? कबरीवर नाव असतं. ज्याने तिला पाहिलंही नाही असा कुणी जाता जाता थांबून तिच्यासाठी 'सार्वकालिक शांती' मागेल. घरात कोंडली तर ती फक्त आपलीच राहील.

मी तिला घरी ठेवलेली नाही. इथल्या दफनभूमीच्या छोट्या चॅपेलमध्ये फादरांनी जागा दिली आहे. ड्यूटी संपली की मी तिथे जाऊन एक रोझरी म्हणते.

रजा मिळाली आहे. २ नोव्हेंबरच्या आत मी तिला घेऊन पोहोचते. त्या दिवशी सगळ्या मृतांसाठी मिस्सा असते, तेव्हा ती काकांजवळ असावी असं फार वाटतं. दादाने तिकडच्या फादरांना आत्ताच भेटून काकांची कबर उघडायची परवानगी मागावी. इथलं दहनाचं प्रमाणपत्र आणि फादरांचं पत्र मी सोबत आणते. खड्डा लहानच लागेल. विधी मात्र पूर्ण करायचा, माती प्रत्येकाने द्यायची, आणि पहिली मूठ तुझी.

दगडावर काकांच्या नावाखाली जागा आहे, मी जुन्या फोटोत पाहिलं. तिथे तिचं बाप्तिस्म्याचं नाव कोरायचं की आपण हाक मारायचो ते, हे तूच ठरव. कोरणाऱ्याला आधी सांगावं लागेल, म्हणून लवकर कळव.

तुझी,
मोठी