फोटो आहेत, नावं हवीत: क्लबच्या इतिहासासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

आयर्लंडमधल्या पूर्व गॉलवेतल्या आपल्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) हर्लिंग क्लबात, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या क्लबात, दर शनिवारी मुलांना घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांना हे पत्र.

क्लबहाउसच्या मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली आहेत. त्यांत सभांच्या वह्या, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि संघांचे फोटो आहेत. यंदा छप्पर गळलं, दोन खोकी भिजली. फोटो वाळवले, बरेचसे वाचलेही. पण त्यांच्यामागे नावं लिहिलेली नाहीत आणि ते चेहरे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांतले दोघे गेले.

हर्लिंगच्या इतिहासात आपल्या या भागाचं स्थान मोठं आहे. १८८४ साली थर्ल्स गावी जीएएची, म्हणजे हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची, स्थापना झाली. पुढे १ एप्रिल १८८८ रोजी बर गावी पहिला अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला, तेव्हा गॉलवे काउंटीकडून उतरला तो मीलिक या लहानशा गावाचा संघ. एका बाजूला २१ खेळाडू असत, आता १५ असतात. जिंकला तो थर्ल्सचा संघ.

या खेळात खेळाडू विकत आणता येत नाही. माणूस आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो, तेही बिनपैशाचं. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेल्यालाही पोटापाण्याची नोकरी वेगळी करावी लागते. त्यामुळे पोरं लंडनला, बॉस्टनला गेली की क्लब ओस पडायचा. एका फोटोतली निम्मी मुलं पुढच्या फोटोत दिसत नाहीत. घर सोडून आलेल्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आपली मुलं पहिल्यांदा आली तेव्हा याच क्लबने त्यांचं नाव विचारलं, हातात हर्ली, म्हणजे या खेळाची काठी, दिली आणि खेळायला घेतलं.

म्हणून विनंती अशी: महिन्यातून एक संध्याकाळ द्या. एखाद्या आजोबांशेजारी बसून फोटो दाखवायचे, ते सांगतील ती नावं लिहायची, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. घरी स्कॅनर असेल तर सांगा. कोरड्या कपाटासाठी आणि पुस्तकाच्या छपाईसाठी पैसेही लागतील. जमेल ते द्या, मात्र क्लबच्या खजिनदारांकडेच द्या आणि पावती घ्या.

आपल्या मुलांचे संघातले फोटो पाठवताना नाव, आडनाव, वर्ष नीट लिहा. पन्नास वर्षांनी कुणाला ‘हा कोण?’ असं विचारावं लागू नये.

आणखी एक. जुनी, पत्र्याची पट्टी मारलेली हर्ली कुणाकडे असेल तर टाकू नका. ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याला मुळाशी जिथे बाक येतो, तिथल्या लाकडाची ती बनते. २०१२ साली आयर्लंडमध्ये ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून हे लाकूड दुर्मीळ होत चाललं आहे. ती हर्ली क्लबकडे आणून द्या, कुणाची होती तेही सांगा.

पहिली बैठक येत्या शनिवारी, मुलांच्या सरावानंतर, क्लबहाउसमध्ये. चहा आम्ही करतो.

आपले,
क्लबमधील मराठी पालक